आठवणी कशा ऐकाव्या?



कर्जतहून कोंदिवड्याच्या वाटेनें कोंडाण्यास गेलें आणि तेथून राजमाचीची चढण धरली, म्हणजे दाट झाडींत कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं लागतात. आपल्यांपैकीं पुष्कळांनीं तीं सहलीच्या निमित्तानें पाहिलीं असतील. चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं, डाव्या बाजूस, एका मोठ्या मूर्तीच्या मस्तकाचा भग्न अवशेष आहे व त्याच्याजवळ ब्राह्मी लिपींत एक लहानशी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ इतकाच कीं, ‘कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें.’ सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या या माणसानें राजाचें नांव लिहिलें नाहीं, वर्ष लिहिलें नाहीं, खर्च लिहिला नाहीं. आधीं गुरूचें नांव लिहिलें व मागाहून आपलें. म्हणजे दगडांत कोरलेली ही आठवणसुद्धां नुसती नोंद नव्हे. तिच्यांत गुरूचा मान आहे व शिष्याची ओळख आहे. कोणी तरी, कोणासाठीं तरी, कांहीं एका हेतूनें तें वाक्य ठेवलें आहे.

दगडावरील एका ओळीची ही गोष्ट. मग जिवंत माणसाच्या तोंडून निघणाऱ्या आठवणीची काय कथा? ती कशी ऐकावी, तिची पारख कशी करावी, व पारख करतांना कोणत्या चुका होतात, हा आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे. हा पाठ आम्ही पुस्तकांतून शिकलों खरे. परंतु पक्का शिकलों तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें. ती चूक प्रथम सांगणें उचित होईल.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं नववीच्या वर्गास एक काम दिलें होतें: ‘आपल्या घरांतील वडील मंडळींकडून २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण ऐकून ती जशीच्या तशी लिहून आणावी.’ त्या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्यांतही त्या दिवशीं पाण्यानें केवढा हाहाकार केला, हें वर्गांतील मुलांस फारसें माहीत नव्हतें. कारण तीं तेव्हां जन्मलेलीं नव्हतीं. कोंडाण्याच्या बाजूच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीचें सांगणें दोनदां लिहून आणलें. एकदां तें उन्हाळ्यांत, अंगणांत नातवंडें भोंवतीं बसलीं असतांना सांगितलेलें होतें. दुसऱ्यांदां पावसाळ्याच्या तोंडावर, बाहेरगांवचे कोणी गृहस्थ कागद घेऊन विचारपूस करावयास आले असतांना.

पहिल्या वेळीं आजी म्हणाल्या होत्या, “दिव्याच्या अवसेच्या आधीं झालं ते. सारा गाव एक झाला होता. आपण एकमेकांना धरून उभे होतो. पाणी उंबऱ्याला लागलं.” दुसऱ्या वेळीं त्यांचें सांगणें होतें, “आम्हांला कोणी विचारलं नाही. कमरेइतकं पाणी होतं घरात. कोणी आलं नाही.”

आम्हीं लाल शाईनें दोन्ही उतारे एकमेकांस जोडणारी रेघ ओढली व खालीं शेरा दिला: ‘विसंगति. सांगणाऱ्या व्यक्तीची स्मृति विश्वसनीय नाहीं.’ मुलाच्या लिहिण्यास गुण चांगले दिले होते. पण मुलानें तो शेरा घरीं आजीस वाचून दाखविला. पुढें त्यानें कांहीं विचारलें कीं आजी एवढेंच म्हणत, “मास्तरांना सांग, म्हातारी विसरली.” घरांत इतकीं वर्षें वाहत असलेला एक झरा आमच्या एका ओळीनें बुजला. ही गोष्ट त्या मुलानेंच आम्हांस मान खालीं घालून सांगितली, तेव्हां आमची चूक कोठें झाली याचा शोध घेणें आम्हांस भाग पडलें.

आठवणींचा अभ्यास करण्याच्या पद्धति निरनिराळ्या आहेत. त्यांतील मुख्य तीन आपण क्रमानें पाहूं.

पहिली पद्धति पडताळ्याची. सांगणें एका बाजूस ठेवावें, कागदपत्र दुसऱ्या बाजूस ठेवावें, व दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहावें. महाराष्ट्रांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा केलीं व अस्सल कागदाचें महत्त्व लोकांच्या मनावर ठसविलें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें तें याच विचारानें. या पद्धतीचें ऋण फार मोठें आहे. ती नसती तर दंतकथा व इतिहास यांतील भेद आपणांस कधींच कळला नसता. आपल्याकडे पुष्कळ लेण्यांविषयीं तीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं असें सांगतात. कोंडाण्याच्या लेण्याचा कर्ता कोण, याचें उत्तर मात्र त्या ब्राह्मी ओळींतून मिळतें. परंतु या पद्धतीपाशीं एक उणीव आहे. कागद नसेल तेथें ती मुकी होते. आणि कागद असेल तेथें, बोलणारा चुकला एवढें सांगून ती थांबते. तो तसें कां बोलला, हें ती विचारीत नाहीं.

दुसरी पद्धति मानसशास्त्रज्ञांची. जर्मनीचे हर्मान एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं निरर्थक अक्षरांच्या मालिका पाठ करून, आपण स्वतः किती वेळांत किती विसरतों याचें मोजमाप प्रसिद्ध केलें. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांना हें पुरेसें वाटलें नाहीं. त्यांनीं १९३२ च्या आपल्या ग्रंथांत एक निराळा प्रयोग दिला आहे. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक भुतांच्या लढाईची कथा त्यांनीं इंग्रज वाचकांस वाचावयास दिली व कांहीं काळाच्या अंतरानें पुनः पुन्हां लिहून काढावयास सांगितली. वाचकांनीं त्या कथेंतील आपणांस अपरिचित वाटणाऱ्या गोष्टी गाळल्या, कांहीं बदलून ओळखीच्या केल्या, व सारी कथा आपल्या समजुतीस पटेल अशी करून टाकली. यावरून बार्टलेट यांनीं असें दाखविलें कीं, स्मृति ही कोठींत ठेवलेलें भात जसेंच्या तसें बाहेर काढण्यासारखी नसून, दर वेळीं नव्यानें रचली जाणारी आहे.

हा विचार मोलाचा आहे. तथापि त्यांतही आठवण ही एका माणसाच्या डोक्यांत घडणारी गोष्ट राहते. आपल्या घरांतून मात्र आठवणी डोक्यांत क्वचितच राहतात. त्या ओटीवर, शेतांत, गाडीच्या डब्यांत, लग्नघरीं बोलल्या जातात. येथें तिसरी पद्धति पुढें येते. आपण तिला कथनविचार म्हणूं. १९९० च्या सुमारास इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठांतील डेरेक एडवर्ड्स, जोनाथन पॉटर इत्यादि अभ्यासकांनीं ती मांडली. तिचें म्हणणें थोडक्यांत असें: माणूस आठवण सांगतो तेव्हां तो केवळ मागची गोष्ट कळवीत नसतो, तो त्या क्षणीं कांहीं करीत असतो. कोणाचे आभार मानीत असतो, कोणाला दोष देत असतो, स्वतःवरील आळ दूर करीत असतो, किंवा नातवंडांना धीर देत असतो. म्हणून दोन वेळचीं सांगणीं भिन्न आढळलीं, तर तो भेद हाच अभ्यासाचा आरंभ मानावा. त्याला दोष समजून फेकून देऊं नये.

या पद्धतीचा एक प्रसिद्ध वाद आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांचे एक सल्लागार जॉन डीन यांनीं १९७३ च्या जून महिन्यांत सिनेटच्या चौकशी-समितीपुढें पुष्कळ तपशिलानें साक्ष दिली. पुढें असें उघडकीस आलें कीं, त्या बैठकींतील संभाषणें यंत्रावर मुद्रित झालेलीं होतीं. उलरिक नायसर यांनीं १९८१ सालीं साक्ष व मुद्रण एकमेकांशीं ताडून पाहिलें आणि असा निष्कर्ष काढला कीं, डीन यांचे तपशील पुष्कळ ठिकाणीं चुकले, परंतु एकंदर मतलब खरा होता. यावर एडवर्ड्स व पॉटर यांनीं हरकत घेतली. त्यांचें म्हणणें, मतलब कोणता हाच तर त्या चौकशींत वादाचा विषय होता. आणि डीन हे साक्षीदाराच्या जागीं बसले होते, तेव्हां आपली स्मरणशक्ति चांगली आहे हें दाखविणें हाही त्यांच्या बोलण्याचा एक भाग होता. साक्षीदाराची जागा विसरून त्याच्या स्मृतीचें मोजमाप करणें म्हणजे बाजारांतील भाव विचारून शेताची मशागत ठरविण्यासारखें आहे.

याचें उदाहरण आपल्या मराठींतही आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनीं १६९७ च्या सुमारास जिंजीस शिवछत्रपतींची बखर लिहिली. ती लिहिली कोणाच्या आज्ञेवरून? छत्रपति राजाराम महाराजांच्या. मुलानें आपल्या थोर पित्याचें चरित्र विचारलें व दरबारांतील जुन्या सेवकानें तें सांगितलें. प्रसंग वेढ्याच्या धामधुमीचा, श्रोता स्वतः राजा. हें ध्यानीं घेऊन बखर वाचली, म्हणजे तिच्यांतील कोणती गोष्ट ठासून सांगितली आहे व कोणती थोडक्यांत आटोपली आहे, याचा अर्थ लागूं लागतो. त्याचप्रमाणें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला, ही तारीख नोंदवहींतून मिळते. परंतु त्या तारखेनें एका संसाराचें काय झालें, हें लक्ष्मीबाई टिळकांच्या १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’वांचून कळत नाहीं. आणि तें कळतें तें पुष्कळ अंशीं त्यांच्या सांगण्याच्या तऱ्हेमुळेंच.

आतां आपल्या आजींच्या दोन उताऱ्यांकडे परत येऊं. कथनविचार सांगतो कीं, शब्द बारकाईनें पाहा. पहिल्या वेळीं आजी ‘आपण’ म्हणाल्या. दुसऱ्या वेळीं ‘आम्ही’. मराठी भाषेनें आपणांस हीं दोन निराळीं सर्वनामें दिलीं आहेत. ‘आपण’ म्हटलें कीं ऐकणारा आंत येतो. ‘आम्ही’ म्हटलें कीं तो बाहेर राहतो. नातवंडें त्या रात्रीं जन्मलेलींही नव्हतीं, तरी आजींनीं त्यांना ‘आपण’ या शब्दानें त्या पाण्यांत आपल्याजवळ उभें केलें. कागद घेऊन आलेले गृहस्थ मात्र बाहेरचे. त्यांच्यापुढें ‘आम्ही’ हाच शब्द योग्य होता. मग ‘सारा गाव एक झाला’ आणि ‘कोणी आलं नाही’ यांत विरोध तो कोणता? गांवच्या माणसांनीं एकमेकांस सांवरलें, व बाहेरून लवकर कोणी आलें नाहीं, असें दोन्ही एकाच रात्रीं खरें असूं शकतें. आम्हीं ज्यास विसंगति म्हटलें, ती दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं दोन खरीं उत्तरें होतीं.

आणखी एक गोष्ट पाहा. आपण ‘मला आठवतें’ असें म्हणतों, पण ‘मी विसरलों’ असें म्हणतों. आठवण आपल्याकडे चालत येते. विसरण्याचा कर्ता मात्र आपण होतों, व कर्ता म्हटला कीं त्याच्या माथीं दोष येतो. ‘म्हातारी विसरली’ या आजींच्या वाक्यांत तोच दोष स्वतःकडे घेतलेला होता, आणि तो आम्हीं लादला होता. तसाच ‘म्हणे’ हा लहानसा शब्द. ‘पूल वाहून गेला’ आणि ‘पूल वाहून गेला म्हणे’ यांत केवढें अंतर आहे! दुसऱ्या वाक्यांत सांगणारा प्रामाणिकपणें कळवितो कीं, हें मी पाहिलें नाहीं, ऐकलें आहे. लिहून घेतांना मुलें हा शब्द भरीचा समजून गाळतात व ऐकीव गोष्ट डोळ्यांनीं पाहिलेली होऊन बसते.

एवढ्यावरून कथनविचार ही सर्वांत उत्तम पद्धति, असा निर्णय देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु एक प्रश्न उरला होता. उंबऱ्याला लागलेलें पाणी आणि कमरेइतकें पाणी, हीं दोन्ही एकाच घरांत खरीं कशीं? येथें सर्वनामें पाहून भागत नाहीं. आम्ही त्या मुलाबरोबर त्याच्या घरीं गेलों, आजींची क्षमा मागितली, व परवानगी घेऊन शेजारच्या तीन घरीं चौकशी केली. एका घरीं सांगण्यांत आलें कीं कणगीचा तळ भिजला, पण वरचें भात वांचलें. दुसऱ्या घरीं चूल विझल्याचें सांगितलें. यावरून घरांत पाणी वीतभर शिरलें असावें. मग कमरेइतकें पाणी कोठें होतें? आजी हंसून म्हणाल्या, “गल्लीत. घरातून बाहेर पडले तर गल्लीत कमरेला लागलं.” मुलाची वही पुन्हां उघडून पाहिली. त्यानें पेन्सिलीनें केलेल्या मूळ टिपणांत ‘घरात’ हा शब्दच नव्हता. शाईनें लिहितांना वाक्य पुरें व्हावें म्हणून तो त्यानें आपल्या पदरचा घातला होता. ज्या शब्दावर आम्हीं आजींस अविश्वसनीय ठरविलें, तो शब्द आजींचा नव्हताच.

यावरून कथनविचाराचें गुणमापन आमच्या मतें असें होतें. सांगणाऱ्याचा मान ती पद्धति राखते. भेदाचा अर्थ लावते. प्रत्यक्ष शब्दांकडे लक्ष देण्यास शिकविते. व विचारणाऱ्यालाही हिशेबांत धरते, कारण प्रश्न कोणी व कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असतें. परंतु तिच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पहिली मर्यादा, घटना खरोखर कशी घडली या प्रश्नास ती मुद्दाम बगल देते. अभ्यासकास हें चालेल. गांवकऱ्यास चालत नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत गुरें कोठें बांधावीं व धान्य किती उंचावर ठेवावें, हें पाण्याच्या रेषेवरूनच ठरतें. दुसरी, सर्व बोलण्यांत हेतु शोधण्याची संवय लागली, म्हणजे साधा माणूसही वकिलासारखा भासूं लागतो; पुष्कळदां माणूस केवळ दुःख हलकें करण्यासाठीं बोलत असतो. तिसरी, जें बोललेंच जात नाहीं, तें तिच्या चिमट्यांत सहसा सांपडत नाहीं. आजी मध्येंच थांबून नदीकडे पाहत राहिल्या, तें वहींत कसें लिहावें?

पडताळा व कथनविचार हे हातांत हात घालून चालले, तर काय साधतें, याचा उत्तम नमुना इटलींतील आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनीं दाखविला आहे. तेर्नी या गांवीं लुईजी त्रास्तुल्ली नांवाचा तरुण पोलाद-कामगार १७ मार्च १९४९ रोजीं एका निषेध-मोर्च्याच्या वेळीं पोलिसांच्या हातून मारला गेला. परंतु पुढें कित्येक कामगार हें मरण १९५३ च्या संपांत घडलें असें सांगत. त्या वर्षीं सुमारें दोन हजार कामगार कामावरून काढले गेले होते. पोर्तेल्ली यांनीं आधीं कागदावरून तारीख पक्की केली. मग चुकीच्या तारखेचा अर्थ विचारला. आपल्या सोबत्याचें मरण त्या गांवाच्या सर्वांत मोठ्या लढ्यांत घडलेलें असावें, तें उगीच गेलें असें नसावें, अशी लोकांच्या मनाची ओढ त्या चुकींत दिसली. पडताळ्यावांचून ही चूक दिसलीच नसती, व कथनविचारावांचून तिचा अर्थ लागला नसता.

आपल्याही मुलखांत असें काम करण्याजोगें पुष्कळ आहे. भाई कोतवाल व हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हुतात्मे झाले. दरवर्षीं त्या दिवशीं तेथें लोक जमतात व त्यांची आठवण पुन्हां सांगितली जाते. तो प्रसंग पाहिलेलें माणूस आतां क्वचितच कोणी उरलें असेल. जें उरलें आहे तें मुलानें बापाकडून व बापानें आजाकडून ऐकलेलें सांगणें. समाज मिळून आठवतो तो कसा, हा प्रश्न फ्रान्सचे मोरीस हाल्बवाक्स यांनीं १९२५ सालींच मांडला होता. सिद्धगडाच्या कथा गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचें उत्तर घरबसल्या शोधतां येईल.

एका बाबतींत मात्र आम्ही तुम्हांस स्पष्ट मनाई करतों. खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें सांपडलीं नाहींत, व २३ जुलैला शोध थांबविण्यांत आला. तेथील वांचलेल्या माणसांकडे वही घेऊन कोणींही जाऊं नये. सांगणाऱ्याला सांगावेसें वाटणें ही पहिली अट आहे. तुमचा गृहपाठ ही नव्हे. कोणी आपण होऊन बोलूं लागलें, तर वही मिटून ऐकावें.

येत्या सुटींत ज्यांस आठवणी लिहून घ्यावयाच्या असतील, त्यांनीं पुढील नियम पाळावे.

१. परवानगी आधीं घ्यावी, व लिहिलेलें वाचून दाखवावें.

२. कोण बोललें, कोणापुढें बोललें, कोणता प्रश्न विचारला होता, हें वर लिहावें.

३. ‘म्हणे’, ‘बहुधा’, ‘आपण’, ‘आम्ही’ यांसारखा एकही शब्द गाळूं नये, व आपल्या पदरचा एकही घालूं नये.

४. इंग्रजी तारखेचा हट्ट धरूं नये. ‘दिव्याच्या अवसेच्या आधीं’ ही सुद्धां तारीखच आहे. २००५ सालीं ती अवस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत होती; म्हणजे आजींचें सांगणें पंचांगाशीं बरोबर जुळतें.

५. दोन सांगणीं भिन्न निघालीं, तर प्रथम आपली वही तपासावी, मग प्रसंग तपासावा, मग दुसऱ्यास विचारावें. सांगणाऱ्यास खोटें ठरविण्याची घाई करूं नये.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, घरांतील वृद्ध माणूस तीच गोष्ट पुन्हां सांगूं लागलें, तर ‘हें ऐकलें आहे’ म्हणून त्यास थांबवूं नये. या वेळची गोष्ट मागच्या वेळेसारखीच असेल, असें नाहीं.

त्या विद्यार्थ्याच्या वहींतील लाल शेरा आम्हीं स्वतः खोडला व खालीं सही केली. त्याच संध्याकाळीं त्यानें पुन्हां पेन्सिल काढली. आजी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “लिही. पण मी बोलते तेवढंच लिही.”